किड्याला हात लावण्याची गरजच नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी टिपलेली फुलपाखरांची, चतुरांची, भुंगेऱ्यांची छायाचित्रे येऊ लागतात. हे सदर चालू राहावे, वाढावे, असेच आम्हाला वाटते. मात्र अलीकडच्या काही छायाचित्रांनी आम्हाला अस्वस्थ केले. भर दुपारच्या प्रकाशात कीटकाच्या पाठीवर टपोरे थेंब, अंगाखाली दुमडलेले पाय, फुलावर बसलेला नव्हे तर ठेवलेला वाटावा असा तोल. कीटक फ्रीजमध्ये ठेवून गारठवला आणि बाहेर काढून फुलावर मांडला, की छायाचित्र असे दिसते. एखाद्या छायाचित्राबद्दल खात्रीने काही म्हणता येणार नाही, पण ही पद्धत नवशिक्यांना उघडपणे शिकवली जाते, हे आम्ही जाणतो. म्हणून विनंती अशी, की कीटकाला पकडून, गारठवून, चिकटवून किंवा हाताने मांडून घेतलेली छायाचित्रे छापू नयेत आणि तसा नियम सदराखाली स्पष्ट लिहावा.

हा नियम जाचक वाटू नये म्हणून पुढचे सारे लिहीत आहोत. बहुतेक जण क्रूरपणापोटी असे करत नाहीत. जिवंत, मोकळा कीटक जवळून टिपणे अशक्यच आहे, असा त्यांचा समज असतो.

फुलपाखराच्या अंगातली ऊब बाहेरच्या उन्हावर अवलंबून असते. उडण्याचे स्नायू साधारण तीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. फ्रीज वापरणारे नेमके याचाच फायदा घेतात. पण सकाळीही हेच घडते, आणि त्यात कीटकाला इजा होत नाही. सूर्य उगवल्यापासून पहिला तास-दीड तास फुलपाखरे गवताच्या पात्यावर, झुडपाच्या टोकावर जवळजवळ निश्चल असतात. ऊन लागले की पंख उघडून शेकत बसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाची सर येऊन गेल्यावर पुन्हा ऊन पडते, ती पहिली दहा-पंधरा मिनिटेही तशीच. दुपारी बारा वाजता फुलपाखरामागे धावणाऱ्याच्या हाती बहुधा रिकामे फूल लागते.

कुठे थांबायचे हे वनस्पतींवरून ठरते. लिंबू आणि कढीपत्ता यांवर मॉर्मन जातींची फुलपाखरे अंडी घालायला येतात, रुईवर प्लेन टायगर, आसोपालवावर टेल्ड जे, एरंडावर कॉमन कॅस्टर, बांडगुळावर कॉमन जेझबेल. मधासाठी एकदांडी, घाणेरी, पेंटास. सुकलेल्या खुळखुळ्यावर टायगर आणि क्रो जातींचे नर तासन्‌तास चिकटून असतात, कारण त्यातली अल्कलॉइड द्रव्ये त्यांना गंधद्रव्य तयार करायला लागतात. तेव्हा ती इतकी गुंग असतात की सावकाश गेल्यास वीतभर अंतरावर जाता येते. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर क्षार शोषायला जमलेले थवेही असेच. मात्र तिथे चार-पाच जणांनी एकदम घुसू नये. एकाने बसून राहावे, बाकीच्यांनी मागे थांबावे.

जवळ जाताना दोन गोष्टी पाळाव्यात. कीटकाचे संयुक्त डोळे हालचाल फार पटकन टिपतात, पण अगदी संथ हालचाल त्यांना तितकीशी जाणवत नाही. म्हणून उभ्याने चालत जाऊ नये. दोन मीटरवरच गुडघ्यावर यावे, कॅमेरा आधीच डोळ्याला लावावा आणि इंचाइंचाने सरकावे. आपली सावली त्याच्यावर पडली की तो उडालाच समजा. उडाला तरी जागा सोडू नये. बरीच फुलपाखरे आणि बरेच चतुर ठरावीक टोकावर परत येतात.

आता साधनांकडे. ‘मॅक्रो’ म्हणजे कीटकाची प्रतिमा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) प्रत्यक्षाइतकीच, म्हणजे १:१ उमटणे, असा रूढ अर्थ आहे. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरची रुंदी साधारण २३ मिलिमीटर असते. म्हणजे १:१ वर २३ मिलिमीटरची वस्तू चौकट भरून टाकते. आपले राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये जाहीर झालेले ब्लू मॉर्मन म्हणजेच राणी पाकोळी, पंख पसरल्यावर १२ ते १५ सेंटिमीटर भरते. त्याला १:१ लागतच नाही, १:६ पुरते, आणि ते साध्या ७०-३०० झूम लेन्सने दीड मीटरवरून मिळते. खरी गरज पडते ती ग्रास ब्लू, ग्रास ज्वेल यांसारख्या नखाएवढ्या फुलपाखरांसाठी, मुंग्यांसाठी, ढालकिड्यांसाठी. आपल्याला काय टिपायचे आहे हे न ठरवता महाग मॅक्रो लेन्स घेण्यात काही अर्थ नाही.

आणि १:१ ची किंमत मोजावी लागते ती फोकसच्या खोलीत. एपीएस-सी कॅमेऱ्यावर एफ/८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे ॲपर्चरचा आकडा; आकडा मोठा तितके छिद्र लहान) १:१ वर जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. १:२ वर तोच थर सुमारे १.९ मिलिमीटर होतो आणि १:४ वर ६ मिलिमीटरच्या पुढे जातो. म्हणून आम्ही नवशिक्यांना आग्रहाने सांगतो की १:२ वर थांबा आणि नंतर कडा कापा. दुप्पट मोठे करून पाहिल्यावर या फायद्यातला काही भाग जातो, तरी दीडपट खोली उरतेच. २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्राची रुंदी निम्मी केली तरी ३००० बाय २००० पिक्सेल उरतात. ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ते २५ सेंटिमीटर रुंद छापता येते. वर्तमानपत्रातल्या चौकटीला एवढे लागतही नाही.

यावर उपाय म्हणून अनेक जण ॲपर्चर एफ/२२, एफ/३२ पर्यंत बंद करतात आणि सगळेच पिठूळ का आले म्हणून लेन्सला दोष देतात. जवळच्या छायाचित्रणात लेन्स सेन्सरपासून दूर सरकते, म्हणून प्रत्यक्ष ॲपर्चर लावलेल्या आकड्यापेक्षा लहान होते. १:१ वर आकडा दुप्पट मोजावा. एफ/११ लावले तर परिणाम एफ/२२ चा, आणि एफ/२२ लावले तर एफ/४४ चा. एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशकिरण पसरतात आणि पंखावरचे खवले एकमेकांत मिसळून जातात. १:१ वर एफ/८ ते एफ/११, १:२ वर एफ/११ ते एफ/१३, याच्या पलीकडे जाऊ नये. निकॉनचे कॅमेरे मॅक्रो लेन्सवर हा बदललेला आकडा दाखवतात, कॅननचे लावलेला आकडाच दाखवतात. दोन मित्रांचे कॅमेरे वेगळे असतील तर एकाचा आकडा दुसऱ्याने जसाच्या तसा लावू नये.

मॅक्रो लेन्स नसेल तर तीन वाटा आहेत. पहिली एक्स्टेन्शन ट्यूबची, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळीची. ट्यूबची लांबी भागिले लेन्सचे फोकल अंतर, एवढी वाढ (प्रतिमा मोठी होण्याचे प्रमाण) मिळते. ५० मिलिमीटर लेन्समागे २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की १:२. ट्यूबमध्ये काच नसते, त्यामुळे स्पष्टता फारशी जात नाही, पण प्रकाश कमी होतो. विकत घेताना विद्युत संपर्काच्या पिना आहेत का हे पाहावे. त्या नसलेल्या स्वस्त ट्यूबवर आजच्या बहुतेक लेन्सचे ॲपर्चर बदलताच येत नाही. शिवाय ५० मिलिमीटर लेन्सने १:१ गाठायचे तर कीटक लेन्सच्या तोंडापासून फार तर सात-आठ सेंटिमीटरवर येतो. मुंगी चालवून घेईल, फुलपाखरू नाही.

दुसरी वाट रिव्हर्स रिंगची, म्हणजे लेन्स उलटी लावण्याची. सगळ्यांत स्वस्त आणि ताकद मोठी, पण लेन्सचा मागचा भाग धुळीला, पावसाला उघडा पडतो आणि ॲपर्चर हाताने सांभाळावे लागते. बाहेर रानात ही कसरत आम्ही सुचवणार नाही.

तिसरी वाट आम्हाला सर्वांत पसंत आहे. घरात पडून असलेल्या ५५-२५० किंवा ७०-३०० झूम लेन्सच्या पुढे चांगल्या प्रतीची, एकाहून जास्त काचांची क्लोज-अप लेन्स. रेनॉक्सची डीसीआर-१५० ही ४.८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचे माप) आहे. मूळ लेन्स अनंतावर, म्हणजे सर्वांत दूर, फोकस केली की कीटक सुमारे २० सेंटिमीटरवर स्पष्ट येतो. २०० मिलिमीटर झूमवर जवळजवळ १:१ मिळते आणि झूम मागे घेतला की वाढ कमी होते. वीस सेंटिमीटर हे अंतर फुलपाखरासाठी सोयीचे आहे. त्यांचीच डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची. तिचे अंतर साडेबारा सेंटिमीटर आणि २०० मिलिमीटरवर वाढ दीडपटीहून जास्त. सुरुवात तिच्यापासून करू नये. एकाच काचेच्या स्वस्त संचात चौकटीच्या कडांना जांभळ्या-हिरव्या रेघा येतात.

फोनवाल्यांसाठी थोडेसे. बऱ्याच फोनमधला मॅक्रो मोड अल्ट्रावाइड लेन्स वापरतो, त्यामुळे दोन-चार सेंटिमीटरवर जावे लागते. तिथे फोनचीच सावली पडते आणि कीटक निघून जातो. २ मेगापिक्सेलचा वेगळा ‘मॅक्रो कॅमेरा’ असेल तर तो विसरून जावा. त्यापेक्षा दुप्पट-तिप्पट झूमची टेलिफोटो लेन्स असलेल्या फोनने, फोकस लागेल तेवढ्या अंतरावरून टिपून कडा कापाव्यात, किंवा त्याच टेलिफोटोवर १० डायॉप्टरची चिमट्याने लावायचे भिंग बसवावे. त्याचे अंतर दहा सेंटिमीटर. सेन्सर लहान असल्याने फोनला फोकसची खोली जास्त मिळते, हा त्याचा मोठा गुण.

छायाचित्र खरे बिघडते ते प्रकाशात. १:१ वर सेन्सरला पोचणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. वर एफ/११ आणि सावलीतले झुडूप. अशा वेळी शटर सेकंदाच्या १/३० वर येतो आणि श्वासाबरोबर चित्र हलते. कॅमेऱ्यातली स्थिरीकरण यंत्रणा दूरच्या दृश्याला जेवढी उपयोगी पडते तेवढी इथे पडत नाही, कारण इथे हात पुढे-मागेही हलतो आणि ती हालचाल तिला सावरता येत नाही. नैसर्गिक प्रकाशात टिपायचे तर शटर निदान १/४०० ठेवावा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ८०० ते १६०० पर्यंत बिनधास्त वाढवावा. थोडे दाणेदार चित्र नंतर सुधारता येते, हललेले नाही.

फ्लॅश वापरत असाल तर कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/२००, एफ/११, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅशची शक्ती १/१६ पासून सुरू. इतक्या कमी शक्तीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो, त्यामुळे हात आणि वारा दोन्ही गोठतात. कॅमेऱ्याच्या अंगचा छोटा फ्लॅश मात्र उपयोगाचा नाही. लेन्सचीच अर्धवर्तुळाकार सावली कीटकावर पडते. बाहेरचा फ्लॅश कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत (हॉट शूवर), लेन्सचे हूड काढलेले आणि पुढे प्रकाश पसरवणारा पडदा, म्हणजे डिफ्यूजर.

डिफ्यूजरवर थोडे थांबतो, कारण छायाचित्रातला निम्मा फरक तिथे पडतो. भुंगेऱ्याची पाठ आरशासारखी चकचकीत असते, तिच्यात फ्लॅशचे प्रतिबिंब दिसते. फ्लॅश लहान असेल तर पांढरा जळलेला ठिपका दिसतो. पसरट आणि जवळ असेल तर मऊ झाक दिसते आणि रंग टिकतो. पांढऱ्या अर्धपारदर्शक प्लॅस्टिकच्या फाइल कव्हरचा साधारण २० बाय २५ सेंटिमीटरचा तुकडा लेन्सच्या वरून पुढे वाकवून बसवावा, त्याची पुढची कड कीटकापासून आठ-दहा सेंटिमीटरवर यावी. फ्लॅश आणि हा पडदा यांच्यात ट्रेसिंग पेपरचा आणखी एक थर, मध्ये हवेची पोकळी सोडून. दोन थर चिकटवून ठेवले तर मधोमध तेजाचा गोळा राहतो. पोकळी असली तरच प्रकाश पूर्ण पडद्यावर पसरतो. बाजूंना पुठ्ठा लावून आतून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवले की शक्ती वाया जात नाही. पिवळट झालेले प्लॅस्टिक वापरू नये, सगळी चित्रे पिवळी येतात. पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढून आधीच तपासून घ्यावे.

टिपताना ऑटोफोकसवर विसंबू नये. फोकसची रिंग हव्या त्या वाढीवर स्थिर ठेवावी आणि सगळे शरीर मिलिमीटरभर पुढे-मागे झुलवत, डोळा धारदार झाला की बटण दाबावे. प्रत्येक वेळी सलग तीन-चार फ्रेम घ्याव्यात, त्यातली एक बरोबर लागते. कोपर गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकलेले असावे. कीटक स्थिर बसला असेल तर डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्याच काडीचे खालचे टोक धरावे आणि लेन्स त्याच मनगटावर टेकवावी. मग वाऱ्याने काडी हलली तरी कॅमेराही तिच्याबरोबर हलतो. एखाद्या काठीला कपड्यांचा चिमटा बांधून ती जमिनीत रोवली आणि फांदी त्यात अलगद धरली, तरी काम होते. फांदी तोडायची नाही. तुटलेली फांदी म्हणजे कदाचित एखाद्या अळीचे घर आणि अन्न.

कोनाचे महत्त्व सर्वांत जास्त. फोकसचा थर कॅमेऱ्याच्या सेन्सरला समांतर असतो. पंख मिटलेले असतील तर अगदी बाजूने, पंख पसरलेले असतील तर बरोबर वरून टिपावे; पंखाचे पातळ पान त्या थरात पूर्ण बसते. दहा-पंधरा अंश तिरके झालात की डोळा स्पष्ट आणि पंखाचे टोक धूसर. फोकस स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेल्या अनेक फ्रेम जोडणे, पहाटेच्या निश्चल कीटकावर वारा नसताना जमते. शिंगे, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका, हलत असतील तर जोडलेल्या चित्रात चार शिंगे दिसतात. मुद्दाम गारठवण्याचा मोह इथेच होतो, म्हणून स्टॅकिंगची चित्रे अधिक तपासून घ्यावीत.

चित्र बिघडले तर कारण चित्रातच सापडते. डोळ्याऐवजी मागचा पाय किंवा पान धारदार असेल तर फोकस चुकला. सगळे एकाच दिशेने ओढल्यासारखे असेल तर हात किंवा वारा. कुठेच धार नाही पण ओढही नाही, तर ॲपर्चर फार बंद केलेले. कीटक उजळ आणि मागे काळोख, तर फ्लॅशचा प्रकाश पार्श्वभूमीपर्यंत पोचलेला नाही. कीटकामागे दहा-पंधरा सेंटिमीटरवर एखादे पान येईल असा कोन घ्यावा किंवा आयएसओ वाढवावा. कडांना भुतासारखी दुहेरी रेघ आली तर फ्लॅशबरोबर उन्हाचाही प्रकाश मिसळला आहे, सावलीत जावे. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बिघडते, ती म्हणजे लेन्सवर बुरशी. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखली तर बुरशी टळते.

छायाचित्र सुंदर असले तरी ओळख पटण्याजोगे असावे, हीही आमची इच्छा. पिवळ्या गवती फुलपाखरांमध्ये, म्हणजे ग्रास यलोंमध्ये, पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, बुडाजवळच्या भागात एक, दोन की तीन ठिपके आहेत यावरून जात ठरवायला मदत होते. बहुतेक निळ्या लहान फुलपाखरांचेही तसेच, पंख मिटलेली बाजू हवी. वरून टिपलेल्या निळ्या झळाळीवर जाणकारही नाव सांगू शकत नाहीत. म्हणून आधी खालची बाजू टिपून घ्यावी, मग कलात्मक कोन शोधावेत.

कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या फुलपाखराला तर मुळीच छेडू नये. त्याचे पंख ताणून कडक व्हायला तासभर आणि कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. त्या काळात फांदी हलली, ते खाली पडले, तर पंख कायमचे वाकडे राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ‘शिकार’ या व्याख्येत पकडणेही येते आणि त्याच्या अनुसूचींमध्ये फुलपाखरांच्या पुष्कळ जाती आहेत, हेही छायाचित्रे पाठवणाऱ्यांना ठाऊक असावे.

सदरासाठी आमची सूचना अशी. प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, वेळ, तालुका, कीटक ज्या वनस्पतीवर होता तिचे नाव आणि लेन्स, ॲपर्चर, शटर, आयएसओ, फ्लॅश ही माहिती मागावी. दुर्मीळ जात असेल तर नेमकी जागा छापू नये, तालुका पुरे. निवडलेल्या छायाचित्राची मूळ फाइल आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या तीन-चार फ्रेम पाठवायला सांगाव्यात. मोकळ्या कीटकाच्या मागे लागलेल्या माणसाकडे अशा फ्रेम असतातच: थोड्या दुरून घेतलेल्या, फोकस चुकलेल्या, उडून गेल्यावरच्या. फाइलमध्ये नोंदलेली वेळ आणि चित्रातला प्रकाश जुळतो का, हेही त्यावरून पाहता येईल. छाननीसाठी कोणी जाणकार हवा असेल तर दर आठवड्याला ते काम करायला आम्ही तयार आहोत.

आपले,
फुलपाखरांचे छायाचित्रण करणारे काही वाचक, ठाणे